डॉक्टरांची नळी आणि शिवाशिव

(नागपुरातील एका कामकरी वस्तीच्या वाचनालयात झालेले व्याख्यान. आमच्या वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहो.)



आपणापुढे आज आम्ही उभे आहो ते डॉक्टर म्हणून नव्हे. आमची सारी नोकरी एका सरकारी दवाखान्यात ड्रेसरच्या कामात गेली. जखमा धुवाव्या, पट्ट्या बांधाव्या आणि डॉक्टरसाहेब रोगी तपासू लागले म्हणजे बत्ती धरून शेजारी उभे राहावे, हा आमचा धंदा. तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांचे हात पाहिले. कोणाचा हात रोग्याच्या अंगावर कसा पडतो, कोण नळी नुसती सदऱ्यावर टेकवून उचलतो आणि कोण डोळे मिटून ऐकत राहतो, हे आम्हास चांगले समजते. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलणार आहो.

आपल्या नागपुरात आजारी माणसाला ‘मेयोत नेले’ किंवा ‘मेडिकलला नेले’ असे म्हणण्याची रीत आहे. मेयोचे नाव बदलून इंदिरा गांधींचे झाले, पण लोकांच्या तोंडी मेयो तो मेयोच. मेडिकल कॉलेज १९४७ साली निघाले. साऱ्या विदर्भाचा आणि पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटचा गोरगरीब या दोन दारांशी येऊन उभा राहतो. केसपेपर हाती धरून तो रांगेत ताटकळतो. आत गेल्यावर आपल्या देहाचे काय पाहिले हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारीत नाही. बाजारात वांगी घेताना आपण एकेक दाबून पाहतो, माठ घेताना वाजवून पाहतो. पण स्वतःचा देह दुसऱ्याच्या हाती दिल्यावर तो नीट पाहिला गेला की नाही, याची चौकशी करीत नाही. इंजेक्शन टोचले म्हणजे पैसे वसूल झाले, अशी आपली समजूत! तपासणी कशाला म्हणतात हेच ठाऊक नसेल, तर ती झाली नाही हे तरी कळावे कसे?

माठाचे नाव निघाले, त्यावरून एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रिया देशात ग्राट्स गावी एका खानावळवाल्याच्या घरी १७२२ साली लिओपोल्ड औएनब्रुगर नावाचा मुलगा जन्मास आला. असे सांगतात की, बापाच्या तळघरात दारूची पिंपे असत आणि पिंपात दारू कोठवर आहे हे वरून ठोकून ओळखीत. पोकळ भागी आवाज घुमतो, भरल्या भागी बद्द येतो. हा मुलगा पुढे व्हिएन्ना शहरात डॉक्टर झाला आणि रोग्याची छाती बोटांनी ठोकून आत पाणी साचले आहे की नाही हे सांगू लागला. १७६१ साली त्याने यावर लहानसे पुस्तक लिहिले. त्या वेळच्या बहुतेक पंडितांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. नेपोलियन बादशहाचा वैद्य कॉर्व्हिसार याने १८०८ साली त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कोठे विद्वानांना जाग आली. आमचा कुंभार हेच माठावर रोज करतो आणि टरबूजवाला टरबुजावर करतो; त्याच्या बोटांतल्या विद्येला मात्र आपल्या देशात कोणी विद्या म्हटले नाही. असो.

ही ठोकण्याची रीत अजून चालू आहे. डावे मधले बोट दोन बरगड्यांच्या मधे सपाट दाबून ठेवावयाचे आणि उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने त्यावर मनगटाच्या झटक्याने ठोके द्यावयाचे. एकदा उजवी बाजू, एकदा डावी बाजू, अशी दोन्हींची तुलना करीत वरून खाली यावयाचे. निरोगी फुप्फुसावर आवाज घुमतो. पाणी साचले असेल तेथे आपल्या मांडीवर ठोकल्यासारखा मुका आवाज येतो. आमच्या काकूंची हकीकत सांगतो. त्यांना दम लागे, संध्याकाळी कणकण येई. गल्लीतल्या एका दवाखान्यात तीन आठवडे इंजेक्शने झाली. नळी डॉक्टरांच्या गळ्यात होती, ती गळ्यातच राहिली. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेले. तेथे एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने काकूंना बाकावर बसविले, लुगड्याचा पदर बाजूस सारला आणि पाठीवर ठोकीत ठोकीत खाली आली. एका ठिकाणी आवाज मेला. तिने पुन्हा वर जाऊन पुन्हा ठोकले, पुन्हा तेथेच मेला. ‘आजी, पाणी झालंय,’ एवढेच ती म्हणाली. फोटोत तेच निघाले, सुईने पिवळसर पाणी काढले, आणि रोग क्षयाचा ठरला. सहा महिने औषध घेऊन काकू बऱ्या झाल्या. तीन आठवड्यांच्या इंजेक्शनांना जे सापडले नाही ते दोन बोटांना दोन मिनिटांत सापडले. त्या बोटांना खर्च शून्य होता, हे ध्यानात घ्या.

आता नळीकडे वळू. १८१६ साली पॅरिसच्या नेकर नामक दवाखान्यात लाएनेक नावाच्या डॉक्टरापुढे एक तरुण स्थूल बाई आली. हृदयाचा रोग दिसत होता. त्या काळी डॉक्टर रोग्याच्या छातीला थेट कान लावून ऐकत. बाईमाणसाच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाचा दस्ता घेऊन घट्ट गुंडाळला, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे कानाशी धरले. आणि कान लावूनही ऐकू आले नसते इतके स्पष्ट ठोके त्याला ऐकू आले. पुढे त्याने लाकडाच्या नळ्या स्वतः यंत्रावर कातून केल्या. १८१९ साली ग्रंथ लिहिला, आणि १८२६ साली तो स्वतः क्षयाने मेला. दोन्ही कानांत घालण्याची नळी मागाहून, १८५० नंतर आली.

या गोष्टीतले मर्म असे की, नळी निघाली ती रोग्याची अब्रू राखण्यासाठी, आणि डॉक्टराचा कान आत पोचावा यासाठी. रोग्याला दूर ठेवण्यासाठी ती निघाली नाही. हे एवढे वाक्य मनात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

नळी लावावयाची ती उघड्या अंगावर. कापडावर लावली की कापडाची खसखस ऐकू येते, फुप्फुसाची नव्हे. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी ऐकावे लागते; ‘लांब श्वास घ्या, तोंडाने सोडा’ असे डॉक्टर म्हणतात ते उगीच नव्हे. दम्यात शीळ ऐकू येते. न्यूमोनियात कानाजवळ केस चोळावेत तशी बारीक चरचर येते. हृदयावर नळीची सपाट बाजू उंच आवाजासाठी आणि वाटीसारखी बाजू हलक्या, खोल आवाजासाठी. लहानपणी घसा बसला, सांधे सुजले, त्याकडे कोणी पाहिले नाही, आणि पुढे त्याच तापाने हृदयाची झडप आकसली, असे कितीतरी रोगी आम्ही पाहिले. दाटीवाटीच्या खोल्यांतून राहणाऱ्यांचा हा रोग. अशा रोग्याला डाव्या कुशीवर वळवून वाटीच्या बाजूने ऐकले तर खोल घरघर सापडते. उभ्या उभ्या सदऱ्यावरून ऐकले तर ती कधी सापडावयाची नाही.

नाडीबद्दल आपल्याकडे फार बोलले जाते. शार्ङ्गधराच्या संहितेपासून नाडीपरीक्षा सांगितली आहे, आणि मनगट धरताच सात पिढ्यांचे रोग सांगणारे महाभाग इतवारीच्या बाजारात अजून भेटतील. नाडी तीन बोटांनी पाहावयाची, अंगठ्याने नव्हे, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी उडत असते. मोठ्या माणसाचे मिनिटाला साठ ते शंभर ठोके. ठोके चुकत असतील तर घड्याळ धरून पुरे मिनिट मोजावे. यापलीकडे कोणी तुमचे प्रारब्ध सांगू लागला तर हात काढून घ्यावा.

थर्मामीटर आपल्या घरोघर पोचला आहे. पूर्वी तो फूटभर लांब असे आणि ताप दाखविण्यास वीस मिनिटे घेई. १८६७ च्या सुमारास इंग्लंडातील ऑलबट नामक डॉक्टराने तो वीतभरापेक्षाही आखूड केला. पाऱ्याची काच आता मागे पडत चालली आहे, पण अजून ती ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी एक नागपुरी सूचना करतो. तिचा आकडा साधारण ९४ पासून १०८ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सेल्सिअसच्या ४२ पर्यंत. आणि आपल्या गावाचा मे महिना? २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांची नोंद झाली! तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या काचेतला पारा कोणाला न लावताच शेंड्याला जाऊन बसतो, आणि आतली वाट एके ठिकाणी चिंचोळी असल्यामुळे आपोआप खाली उतरत नाही. तो थंड पाण्यात बुडवून झटकल्याशिवाय लावू नये. ऊन लागलेला माणूस बरळू लागला, अंग भाजत आहे, तर काखेतला आकडा कमी दिसला म्हणून थांबू नये. अंगावर पाणी मारीत त्याला दवाखान्यात न्यावे.

या थर्मामीटराचीच एक हकीकत सांगितल्यावाचून आम्हास पुढे जाता येत नाही. १९२९ च्या डिसेंबरात गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ पत्रात काठेवाडातील एका शिक्षकाचे पत्र आले. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींच्या टिपणात ते घेतले. शिक्षक अस्पृश्य मानलेल्या जातीचा. बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी तिला जुलाब लागले, छाती भरली, श्वास घेववेना, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाला, आम्ही तुमच्या वस्तीत येणार नाही. शिक्षकाने नगरशेटाचे पाय धरले. दोन रुपये फीची हमी नगरशेटाने घेतली, तेव्हा डॉक्टर आला, तोही वस्तीच्या बाहेर. दोन दिवसांची बाळंतीण तान्ह्या लेकरासह बाहेर आणावी लागली. डॉक्टराने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाला दिला, शिक्षकाने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. रात्री आठाचा सुमार. दिव्यापुढे काच धरून डॉक्टराने न्यूमोनिया असे सांगितले आणि तो चालता झाला. औषध धाडले, पण पुन्हा पाहावयास आला नाही. बाई मेली.

बंधूंनो, यातली शिवाशिव सर्वांना दिसते. आम्ही बत्ती धरणारे, आम्हास आणखी एक दिसते. न्यूमोनिया थर्मामीटराने कळत नाही. थर्मामीटर ताप सांगतो, कशाचा ते सांगत नाही. श्वास मोजावयास हवे होते. मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस, त्याहून अधिक असतील तर किती, हे पाहावयास हवे होते. पाठ ठोकावयास हवी होती, नळी लावून चरचर ऐकावयास हवी होती, डोळ्याची पापणी ओढून बाळंतिणीचे रक्त किती गेले ते पाहावयास हवे होते. यातले एकही काम तीन हातांतून गेलेल्या काचेने होत नाही. म्हणजे त्या डॉक्टराने अंदाजाने रोगाचे नाव घेतले, आणि तपासणीचा देखावा केला. हत्यार होते, विद्या होती, फी ठरली होती. नव्हता तो फक्त हात. लाएनेकाने जी वस्तू रोग्याजवळ जाण्यासाठी योजली तिच्याच जातीची वस्तू या गृहस्थाने चिमट्यासारखी वापरली. थर्मामीटर विलायतेचा आणि मन मनूचे!

मनूचे नाव आम्ही उगीच घेत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चिकित्सकाला श्राद्धाच्या पंगतीस घेऊ नये असे आहे, आणि चौथ्यात त्याचे अन्न पुवासमान मानले आहे. का? वैद्याचा हात सर्वांना लागतो, रक्ताला लागतो, पुवाला लागतो, हेच कारण आमच्या बुद्धीला दिसते. ज्या समाजाने बरे करणाऱ्या हातालाच विटाळ मानला, तेथे विद्या पोथीत राहावी आणि हात न्हाव्याच्या व सुइणीच्या वाट्यास यावा, यात नवल ते काय? या उलट वाटेने जाणारेही झाले. पुण्याचे डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शस्त्रवैद्य आणि सत्यशोधक समाजाचे पुढारी; १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांनी उपचार केले. जोतीरावांचे दत्तक पुत्र यशवंतराव डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांच्या दवाखान्याकडे रोगी पोचविता पोचविता सावित्रीबाई स्वतः प्लेगाने गेल्या. जगाने ज्याला शिवू नये म्हटले त्याला त्यांनी उचलून घेतले.

आज कोणी डॉक्टर वस्तीबाहेर उभा राहून काच फेकीत नाही, हे खरे. पण रोग्याला हात न लावता चिठ्ठी लिहिण्याचा रोग गेला असे आम्ही म्हणणार नाही. हल्ली तो गर्दीच्या नावाखाली चालतो, यंत्रांच्या नावाखाली चालतो. गर्दी खरी आहे. एका डॉक्टरापुढे दोनशे माणसे उभी केली तर तो तरी काय करील, हा सरकारला विचारावयाचा प्रश्न आहे आणि तो आपण विचारलाच पाहिजे. यंत्रांविषयी मात्र थोडे बोलतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, नागपुरात घरोघर बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आला. तो बोटातून उजेड सोडून रक्तातील प्राणवायू मोजतो. २०२० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका मोठ्या वैद्यकीय पत्रात दाखवून दिले की, रक्तात प्राणवायू कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखविला, असे काळ्या रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडले. कातडीचा रंग उजेडाच्या आड येतो, आणि यंत्र जुळविले होते ते मुख्यत्वे गोऱ्यांच्या बोटांवर. यंत्राला जात कळत नाही, पण यंत्र करणाऱ्याने कोणाचे बोट समोर धरले हे त्यात उतरते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांनी एवढे शिकावे की, आकडा ९६ असला तरी रोगी बसल्या जागी धापा टाकीत असेल तर धापा खऱ्या.

रक्तदाबाचा पट्टा १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोच्ची याने काढला. पहिला पट्टा सायकलच्या ट्यूबचा होता. १९०५ साली कोरोटकोव्ह नामक रशियन लष्करी डॉक्टराने त्याला नळीची जोड दिली. पट्टा फुगवून रक्त अडवितात, मग हळूहळू हवा सोडतात. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. पण पाच मिनिटे टेकून स्वस्थ बसल्याशिवाय, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीत असल्याशिवाय तो आकडा विश्वासाचा नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब उगीच जास्त दिसतो. आणि तोंडात खर्रा धरून दाब मोजून घ्यावयास बसू नये! तंबाखूने दाब चढतो.

खर्ऱ्याचे नाव निघाले म्हणून हसू नका. सर्वांत स्वस्त उपकरण बत्ती आणि जीभ दाबावयाची पट्टी. खर्रा खाणाऱ्याला ‘आ करा’ म्हणून गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली बत्ती टाकली तर पांढरा चट्टा, तांबडा चट्टा, न भरणारा फोड दिसतो. तो वेळेवर दिसला तर माणूस वाचतो. घरी स्वतः पाहा: आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात काय? जात नसतील तर तोंड आवळू लागले आहे, उद्याच दाखवा. हे तपासण्यास डॉक्टर विसरला तर आपण तोंड उघडून दाखवावे, त्यात लाज नाही.

तसेच पापणीचे. आपल्या विदर्भात सिकलसेल फार. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी या डॉक्टरांनी त्याविषयी विलायतेच्या ‘लॅन्सेट’ पत्रात लिहिले. सरकारची देशव्यापी मोहीम १ जुलै २०२३ रोजी निघाली. मधे पासष्ट वर्षे गेली. हा रोग रक्ताच्या तपासणीने ठरतो; पण पांढरीफटक पापणी, पिवळे डोळे आणि डाव्या बरगडीखाली लागणारी प्लीहा या तीन गोष्टी हाताला आणि डोळ्याला आधी कळतात. ज्या पोराचे हातपाय वारंवार दुखतात त्याला ‘कामचुकार’ म्हणून मारणारे बाप आम्ही पाहिले आहेत. पापणी ओढून पाहणारा कोणी भेटला नव्हता, इतकेच.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर सदऱ्याची बटणे आधीच सोडून ठेवा. ‘साहेब, पाठीला नळी लावता काय?’ असे नम्रपणे पण स्पष्ट विचारा. भगिनींनी पडदा मागावा, जवळ नर्सबाई किंवा घरची बाई उभी राहावी असे म्हणावे. ते मागण्याचा तुम्हास हक्क आहे. लाजेखातर ‘छाती नको, नुसते औषध द्या’ असे म्हणू नका. डॉक्टर रागावला तर? एखादा रागावेल. आम्ही तीस वर्षे पाहिले, बहुतेक रागावत नाहीत. उलट चांगला डॉक्टर थांबतो आणि पुन्हा ऐकतो.

आम्ही येथे एक नळी, एक पट्टा आणि एक बत्ती आणली आहे. नळी प्रथम बायकांच्या बाजूने फिरेल, मग पुरुषांकडे येईल. कानात घालताना टोके पुढे, नाकाच्या रोखाने असावीत, म्हणजे ऐकू येते. छातीच्या डाव्या बाजूस, स्तनाच्या जरा खाली वाटीची बाजू नव्हे, सपाट बाजू लावा आणि शेजारच्यांनी घटकाभर बोलू नये. ज्यांना खर्रा थुंकावयाचा असेल त्यांनी आधी बाहेर जाऊन यावे. बत्ती त्यांच्याकडेच येणार आहे.